मुक्या रेडिओबद्दल

सातारा
रविवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, एवढी तार गुंडाळली, पण रेडिओ मुकाच आहे" म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज रडवेला झाला होता. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे लिहिते आहे. सोबत एक डबी आहे. आधी पत्र वाच, मग ती उघड.

तू बनवलेल्या रेडिओचा पाठवलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. कॉइल फार सुरेख झाली आहे गं. दोन इंची पाइपवर २६ गेजच्या तारेचे ७० फेरे, अगदी शेजारी शेजारी, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. लग्नाआधी मी चार वर्षं कारखान्यात हेच काम करत होते, आणि असा हात बसायला मला दोन महिने लागले होते. तेव्हा कॉइल उसवू नकोस. चूक दुसरीकडे आहे.

बिनसेलच्या या रेडिओत बाहेरची वीज कुठेच नाही, हे आधी ध्यानात घे. कानात जो आवाज येतो, त्याची सगळी ताकद रेडिओ केंद्राच्या मनोऱ्याकडून येते. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, १०० किलोवॅटचं. तिथून निघालेली शक्ती चहूकडे पसरते आणि तुझ्या गच्चीवरच्या तारेच्या, म्हणजे एरियलच्या, वाट्याला तिचा कणभर येतो. तेवढ्यावर कानाशी माणूस बोलतो, याचं मला अजून नवल वाटतं. पण त्या कणातलं सांडायला काहीच नसतं. तुझ्या जोडणीत ते तीन-चार जागी सांडतं आहे.

सगळ्यात मोठी गळती डायोडची, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची. फोटोतला काळा, जाडसर, पांढऱ्या पट्टीचा डायोड चार्जरमध्ये वापरतात तो, १एन४००७. तू तापकीर गल्लीत नुसता 'डायोड' मागितलास आणि त्यांनी नेहमी खपणारा दिला. तो सिलिकॉनचा. तो नीट वाहू लागायला ०.६-०.७ व्होल्ट लागतात, आणि तुझ्या कॉइलवर तेवढे येतच नसणार. जर्मेनियमचा ०.२-०.३ व्होल्टलाच वाहू लागतो. काचेचा असतो, उजेडात धरला की आतली केसासारखी तार दिसते. यापुढे '१एन३४' असं नंबर सांगूनच माग.

डायोडच्या जागी पूर्वी खनिजाचा खडा असायचा, त्याला सुईसारखी तार टेकवायची. शिसं आणि गंधकाच्या अशा खड्याचा, गॅलेनाचा, डिटेक्टर, म्हणजे रेडिओलहरी ओळखणारा भाग, जगदीशचंद्र बोस यांचा. १९०१ साली त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ साली ते मिळालं. डबीतल्या काचेच्या डायोडचं घराणं तिथपर्यंत जातं.

दुसरी गळती मोबाइलच्या इअरफोनची. तो ३२ ओहमच्या आसपासचा असतो. एवढ्या कमी ओहमचा भार टाकला की कॉइल आणि गँग (स्टेशन लावायला फिरवतो तो कपॅसिटर) यांची जोडी बसूनच जाते. क्रिस्टल इअरफोन लागतो, कित्येक हजार ओहमचा. माझ्या पेटीतला जुना पाठवते आहे. तो कुरकुरला, तर बझरमधली पितळी चकती घे, तिच्या दोन टोकांत ४७ किलोओहमचा रेझिस्टर टाक आणि कानाशी धर.

तिसरी, तारेची टोकं. ही तार उघडी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. पॉलिश पेपरने चारही बाजूंनी घासून लालसर तांबं दिसू दे. कारखान्यात एकदा माझा अख्खा ट्रे परत आला होता. कॉइली चांगल्या होत्या, टोकं नीट घासलेली नव्हती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रडले होते, म्हणून काल तुझा आवाज मला लगेच ओळखू आला.

राहिलं अर्थिंग. खिडकीच्या गजाला तार बांधून भागत नाही, तो गज भिंतीत संपतो. वॉर्डनबाईंना विचारून बागेत हातभर लोखंडी सळई ठोक, भोवती पाणी ओत. प्लगच्या तिसऱ्या भोकात तार घालायची नाही म्हणजे नाही. एरियल दहा-पंधरा मीटर पुरे, पण विजेच्या तारांच्या जवळपासही नको, आणि आभाळ गडगडायला लागलं की आधी ती काढायची, मग पुस्तकं गोळा करायची.

तुझ्या कॉइलला पुणे स्टेशनसाठी सुमारे २०० पिकोफॅरड (कपॅसिटरची क्षमता मोजायचं माप) लागतील. गँग ५०० चा आहे आणि एरियल स्वतःही थोडी भर घालते, म्हणून अर्ध्याहून कमी मिटलेल्या जागी शोध. अगदी सावकाश फिरव. दोन स्टेशनं एकात मिसळली, तर एरियल कॉइलच्या टोकाला न जोडता अर्थिंगच्या बाजूने बाराव्या-पंधराव्या फेऱ्याला जोड. आवाज जरा कमी होईल, पण स्टेशन वेगळं निघेल.

डबीत इअरफोन कापसात आहे. काचेचे डायोड खाकी कागदात. सोल्डर करताना डायोडचा पाय चिमट्याने धर, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल; जर्मेनियमला ती सोसत नाही. डायोड दोन ठेवले आहेत. पहिला जळला तर घाबरू नकोस, दुसरा लाव.

तुझी,
आई