गणपतीला येत नाही, रागावू नका

बर्न

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला आम्हाला येता येणार नाही. फोनवर सांगायला चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवून दिला. आई, गौरीच्या साड्या नेसवायला काकूंना आदल्या दिवशीच बोलावून घे, एकटी स्टुलावर चढू नकोस. बाबा, पत्र अर्धवट वाचून घडी घालू नका. पुढे आणखी एक गोष्ट आहे.

निर्णय झालाय, सह्याही झाल्यात. ऑगस्टपासून तुमचा नातू गिम्नाझियममध्ये, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार नाही. इथल्या क्लबच्या युवा संघात सेंट्रल डिफेंडर म्हणून खेळेल, तुमच्या भाषेत स्टॉपर बॅक. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता, ते जास्त जड गेलं असतं.

आई, 'शाळा सोडली' असं मावशीला सांगू नकोस, कारण ते खरं नाही. इथे नववीनंतर बहुतेक मुलं लेरं करतात, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम, काही दिवस शाळा, आणि हातात दरमहा पगार. ऑफिसच्या कामाचा कोर्स एरवी तीन वर्षांचा, खेळणाऱ्या मुलांना तो चार वर्षांत वाटून देतात, म्हणजे सकाळचा सराव बुडत नाही. सोबत व्यावसायिक माट्युरा ही परीक्षा दिली की उपयोजित विद्यापीठात प्रवेश मिळतो, आणि आणखी एक पूरक परीक्षा दिली की साध्या विद्यापीठाचंही दार उघडतं. एकही रस्ता बंद झालेला नाही.

आता बाबांचा प्रश्न. मागे म्हणाला होतात, "फॉरवर्डला हार घालतात, बॅकला कोण विचारतो?" म्हणून स्टीव्ह फॉन बेर्गेन या स्वित्झर्लंडच्या स्टॉपर बॅकबद्दल लिहिते. माझं सगळं म्हणणं त्याच्या कारकिर्दीत आहे.

तो 1983 चा, न्यूशातेलचा. गावच्याच झामाक्स क्लबातून वर आला आणि 2005 मध्ये एफसी झ्युरिखला गेला. तिथे प्रशिक्षक होते ल्युसियाँ फाव्र. 13 मे 2006 ला हंगामाचा शेवटचा सामना बाझेलमध्ये, बाझेलशीच, आणि जिंकल्याशिवाय विजेतेपद नाही. 93 व्या मिनिटाला झ्युरिखच्या फिलिपेस्कूने गोल केला, तोही बचावपटूच! झ्युरिखला 25 वर्षांनी विजेतेपद मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा. मग फाव्र बर्लिनच्या हेर्थाला गेले आणि हाही त्यांच्यामागोमाग गेला.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण वर्तमानपत्रात तो दोन ओळींत उरकतात. 2009 मध्ये हेर्था जर्मन लीगमध्ये चौथी आली, 2010 मध्ये शेवटची, आणि खालच्या श्रेणीत गेली. तो इटलीत चेझेनाला गेला, तो संघ 2012 मध्ये खाली गेला. मग पालेर्मो, तोही 2013 मध्ये खाली. चार हंगामांत तीन वेळा. संघ घसरतो तेव्हा बोट आधी बचावफळीकडे जातं, हे तुम्हाला मी काय सांगणार. मधली फळी चेंडू गमावू लागली की बॅकवर दर पाच मिनिटांनी हल्ला येतो, तो थकतो, अर्ध्या पावलाने उशिरा पोचतो, आणि फोटो त्याचाच छापतात.

पण याच वर्षांत राष्ट्रीय संघात त्याची जागा टिकून होती. 2010 च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध बचावपटू सेंडेरोस जखमी झाला, हा पहिल्याच सत्रात बदली म्हणून उतरला आणि स्वित्झर्लंडने 1-0 ने सामना मारला. त्याच स्पेनने पुढे विश्वचषक जिंकला. देशासाठी एकूण 50 सामने, आणि गोल एकही नाही. बाबा, एकही नाही!

2013 मध्ये तिशीला तो परत आला, बर्नच्या यंग बॉइजकडे. 2010 ते 2017, सलग आठ वर्षं बाझेलच विजेता होता आणि यंग बॉइजचं शेवटचं विजेतेपद 1986 चं. 28 एप्रिल 2018 ला लुत्सेर्नविरुद्ध गोलरक्षक व्योल्फलीने पेनल्टी अडवली, 89 व्या मिनिटाला न्सामेने गोल केला आणि 32 वर्षांचा दुष्काळ संपला. कप्तान होता फॉन बेर्गेन. पुढच्या वर्षी 20 गुणांच्या फरकाने पुन्हा जिंकून, वयाच्या 35 व्या वर्षी, तो थांबला. मग त्याच क्लबच्या खेळ विभागात कामाला लागला. ज्या क्रिस्टोफ स्पीखरने तो संघ बांधला, तोही जुना लेफ्ट बॅक. खेळ संपल्यावर बॅकचं डोकं वाया जात नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आई, एक गोष्ट लपवली तर तू कुठून तरी ऐकशीलच. 2014 च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध समोरच्याचा बूट त्याच्या चेहऱ्यावर लागला आणि डोळ्याजवळचं हाड मोडलं. पण तो बरा झाला आणि त्यानंतर पाच वर्षं खेळला. असं क्वचित होतं. मोठा धोका गुडघ्याचा, आणि त्याची काळजी घेता येते. इथली बरीच मैदानं कृत्रिम गवताची, यंग बॉइजचं वांकडोर्फ स्टेडियमसुद्धा. त्यावर लांब स्टडचे बूट घातले की पाय रुततो, शरीर वळतं, गुडघा तिथेच राहतो आणि लिगामेंट जातं. म्हणून आखूड, जास्त स्टडचे वेगळे बूट घेतलेत. घसरून टॅकल केलं की मांडी सोलते, त्यासाठी आत लांब चड्डी. सरावाआधी वीस मिनिटं उड्या, तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. कोल्हापूरच्या गांधी मैदानाच्या कडक मातीवर बाबांना यातलं काहीच मिळालं नव्हतं.

शिकवतात काय, तेही सांगते. अंग तिरकं, गुडघे वाकलेले, समोरच्यापासून हातभर अंतर, आणि त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलायचं. झेप घ्यायची नाही. दर काही सेकंदांनी खांद्यावरून मागे पाहायचं. चेंडू मागे गेला की सगळी फळी चार-पाच मीटर पुढे सरकते. चेंडूवाला मोकळा आणि मान वर करून उभा असला की सगळ्यांनी मागे यायचं. चौघांतला एक जरी रेंगाळला तरी ऑफसाइडचा सापळा फुकट. आपलं पोर रेंगाळतंय सध्या, बाबा. व्हिडिओ पाठवते, तुम्हीच झापा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

तो नीट जेवतो. सरावानंतर अर्ध्या तासात वरणभात आणि दोन अंडी, डब्यात तुझ्या मेतकुटाचा भात. साडेनऊला झोपतो. ट्राम दारातून जाते. थंडीचं म्हणशील तर थर्मल आहेत, कानटोपी तूच विणलेली.

गणपती नेमके हंगामात येतात आणि सुरुवातीला गैरहजर राहिलं की जागा दुसऱ्याला जाते. पण डिसेंबरात इथलं फुटबॉल थांबतं. तेव्हा तीन आठवडे तुमचे. शाहू स्टेडियमवर सामने असतील तर आजोबा-नातू दोघे जा. मला खांद्यावर बसवून न्यायचात, आता त्याच्या खांद्याला धरून पायऱ्या चढा.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खुर्चीत बसून पाय सरळ करा, मनात दहा मोजा, खाली घ्या. दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. दुखरा गुडघा म्हणून त्याला आराम दिलात तर मांडी सुकते आणि सगळा भार सांध्यावर येतो. पेनकिलर उपाशीपोटी नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज तर मुळीच नको, बीपीच्या गोळ्यांबरोबर किडनीला त्रास होतो. आई, गोळ्यांची पाकिटं तुझ्या कपाटात ठेव. आणि तुझे डोळे तपासून घे, ही तिसऱ्यांदा सांगतेय.

महालक्ष्मी एक्सप्रेसने येऊ. पहाटेच्या थंडीत स्टेशनवर येऊ नका. आलातच, तर नी-कॅप घालून या.

तुमची,
छकुली