मसल कारला बॅटरी हा एकच पर्याय कसा काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत मसल कारवरचा, म्हंजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकन गाड्यांवरचा लेख वाचला, आमच्या वाळूजच्या मशीन शॉपमधी चहाच्या सुट्टीत त्याच्यावरून चांगलीच जुंपली. लेखकानं सरळ लिहून टाकलंय की व्ही-एट (व्ही आकारात चार-चार असे आठ सिलिंडर असलेलं पेट्रोल इंजिन) संपला, पुढची मसल कार बॅटरीवरच. पोरं म्हणायलेत बरोबरे. मला काही पटलं नाही.

व्ही-एट संपला म्हणायची ही काय पहिली वेळ नाही. तेलटंचाईच्या काळात, १९७४ च्या फोर्ड मस्टँगला अमेरिकेत व्ही-एट मिळतच नव्हता, चार नाहीतर सहा सिलिंडर घ्या म्हणले, अन् १९७५ ला तो परत आलाच. आता डॉज या अमेरिकन कंपनीचं बघा. २०२३ च्या शेवटी चॅलेंजर अन् जुना चार्जर या मसल कार बंद केल्या, नवा चार्जर आधी इलेक्ट्रिक आणला. पळायला जबरदस्त, जागेवरूनच सगळा टॉर्क (फिरवायचा जोर) असल्यावर पळणारच की, पण वजन गेलं अडीच टनाच्या वर, ते वळणावर सांभाळायचं अन् थांबवायचं म्हंजे टायर-ब्रेकची वाट. अन् आवाज नाही म्हणून व्ही-एटसारखा आवाज काढायची वेगळी यंत्रणा बसवलीय, बैल विकून घुंगरं वाजवत बसल्यासारखं! त्या व्ही-एटचा गडगडाट क्रँकमुळं, म्हंजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यामुळं येतो. क्रँकचे थ्रो (पिस्टन जोडायचे बाक) ९० अंशात असतात, म्हणून एका बाजूच्या चार सिलिंडरांचं फायरिंग सारख्या अंतरानं होत नाही, एक्झॉस्टमधी ते ऐकू येतं. व्ही-एट परत येणं राम पिकअपमधीबी झालं, २०२५ ला काढून टाकलेला हेमी नावाचा व्ही-एट २०२६ च्या मॉडेलला परत घातला.

तरीबी मी व्ही-एटच पाहिजे म्हणून अडून बसलेलो नाही. माझं मत सरळ सहा सिलिंडरला, म्हंजे सहाही एका ओळीत असलेल्या इंजिनाला. नव्या चार्जरमधी ते आता आलंय, ३ लिटर, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारे), एक ट्यून ४२० हॉर्सपॉवरची अन् दुसरी ५५० ची. मशीनिंगवाल्याच्या नजरेनं बघा ना, व्ही-एटला हेड दोन, गॅस्केट दोन, मॅनिफोल्ड दोन, इथं सगळं एकेक. अन् सहा पिस्टन एका ओळीत असले की त्यांचे हिसके आपसातच कटतात, थरथर मारायला वेगळ्या बॅलन्सर शाफ्टची भानगड नाही, मोठ्या चार सिलिंडरला ती करावी लागते. मस्टँगमधी २.३ लिटरचं चार सिलिंडर टर्बो मिळतं, ३१५ हॉर्सपॉवर, वाईट नाही, पण ते घेऊन मिरवायचं कुणापुढं?

लेखात इथेनॉलचा एक शब्द नाही, अन् आपल्या उसाच्या भागातल्या पेपरात ते सुटावं याचं नवल वाटलं. डॉजच्या डेमन १७० या गाडीचं ६.२ लिटर सुपरचार्ज्ड (हवा दाबून भरणारं) इंजिन साध्या ई-१० पेट्रोलवर, म्हंजे १० टक्के इथेनॉलवाल्या, ९०० हॉर्सपॉवर देतं, जास्त इथेनॉलचं ई-८५ टाकलं की १०२५. कारण इथेनॉलचा ऑक्टेन (अवेळी न पेटण्याचा गुण) जास्त, शिवाय वाफ होताना आतली हवा थंड करतं, मग बूस्ट म्हंजे हवेचा दाब वाढवला तरी नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होत नाही. म्हंजे टर्बोचं सरळ सहा अन् इथेनॉल ही जोडी जमण्यासारखी आहे. आता एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं ॲव्हरेज मार खाणार, पण मसल कार घेणारा ॲव्हरेज विचारतो कुठं. खरी अडचण उसाची, इथेनॉल त्याच्यापासून बनतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं गाडीच्या हौसेसाठी अजून ऊस लावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मक्यापासून होतं तेवढं करावं.

आपल्याकडं तसंबी मोठ्या पेट्रोल गाडीला ४० टक्के जीएसटी अन् इलेक्ट्रिकला ५, त्यामुळं इथं बॅटरी जिंकली तर ती टॅक्सवर जिंकली असं लिहा, इंजिनात दम नव्हता असं नका लिहू.

अजून एक, लेखासोबतच्या चौकटीत इलेक्ट्रिक चार्जरची ताकद ५५० हॉर्सपॉवर छापलीय. ती पेट्रोलवाल्या सिक्सपॅकची, म्हंजे वर सांगितलेल्या सरळ सहा सिलिंडरच्या चार्जरची आहे. इलेक्ट्रिक चार्जरच्या स्कॅट पॅक मॉडेलची ६७० आहे, तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर