चौदा दिवस का?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांचा एंडोस्कोपीचा रिपोर्ट पाहिला. अल्सरचं मूळ बहुधा 'एच. पायलोरी' हा जंतूच, तेव्हा सराफ्यातल्या मसालेदार तळलेल्या गराडूवर आळ घेऊ नका. १९८४मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. तोवर सगळे तिखटाला आणि काळजीलाच दोष देत.

एवढ्या गोळ्या १४ दिवस कशाला, हे बाबांचं म्हणणं रास्त आहे. पण हा जंतू चिवट. जठरातल्या आम्लाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड-दोन, त्यात बहुतेक जंतू मरतात. हा युरिएज नावाचं एंझाइम करतो, जठररसातला युरिया फोडतो आणि निघालेल्या अमोनियाने भोवतीचं आम्ल मारतो. युरिया आत घेण्याचं त्याचं दार बाहेर आम्ल असेल तेव्हाच उघडतं, नाहीतर स्वतःच्याच अमोनियाने मरायचा! त्याच अमोनियाने जठराचा चिकट थर पातळ होतो आणि मळसूत्री अंगाने हा आत शिरतो, भिंतीपाशी, जिथे आम्ल पोचत नाही.

फार आम्लात तो वाढत नाही, नुसता तग धरतो. गोळ्यांमधलं अमोक्सिसिलिन हे अँटिबायोटिक मात्र वाढणाऱ्या जंतूलाच मारतं. म्हणून आम्ल कमी करायची गोळी निव्वळ जळजळीसाठी नाही. आम्ल उतरलं की जंतू वाढायला लागतो आणि तिथेच सापडतो. ती गोळी दोन्ही वेळा खाण्याआधी अर्धा तास. आई, पोहे त्यानंतर.

पाचव्या दिवशी बरं वाटेल, तरी सोडू नका. क्लॅरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला दाद न द्यायला जंतूच्या जनुकात एका अक्षराचा बदल पुरतो. असे थोडे आधीच असू शकतात. अर्धवट औषधाने बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं. तोंड कडू होईल, ते चालतं. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर काही स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) रक्तात साचतात आणि स्नायूंना इजा होते.

कोर्स संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी श्वासाची चाचणी. युरिया प्यायला देतात आणि पिशवीत फुंकायला लावतात. जंतूचं युरिएज असेल तर तो युरिया फुटतो आणि ते श्वासात सापडतं. त्याआधी २ आठवडे आम्लाची गोळी बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' येऊ शकतो. आई, कॅलेंडरवर दोन्ही तारखा आजच लिही.

तुमची लेक