सुधीरला, ४०४६ विषयी

डोंबिवली, रविवार

प्रिय सुधीर,

स. न. वि. वि.

ही बातमी दुसऱ्या कोणाला सांगितली, तर तो आधी माझी प्रकृती विचारील. ती ठीक आहे. आईचे गुडघे पूर्वीसारखेच. तर, आपला सिंथेसायझर (लावू त्या आकड्याची वारंवारता देणारी पेटी) अखेर लॉक झाला, म्हणजे संदर्भाच्या तालावर स्थिरावला, आणि खोड थंबव्हील स्विचांची, म्हणजे आकडा लावायच्या चाकांची, निघाली.

४.०९६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून ४०६० या चिपने भागाकार करून १ किलोहर्ट्झचा संदर्भ काढला होता, फीडबॅकमध्ये लावलेल्या आकड्याने भागणारे दोन ४५२२ विभाजक होते आणि मधोमध तुझा लाडका ४०४६, म्हणजे ऑसिलेटर आणि त्याला संदर्भाशी जुळवणारे कम्पॅरेटर एकत्र असलेली चिप. ५३ लावले की ५३ किलोहर्ट्झ मिळत, पण पेटीजवळ हात नेताच आकडा सरके. संशय अर्थातच लूप फिल्टरवर, म्हणजे ऑसिलेटरचे नियंत्रण व्होल्टेज गुळगुळीत करणाऱ्या भागावर, होता. शेवटी लूप तोडून ४०४६ च्या नवव्या पिनला, म्हणजे ऑसिलेटरच्या नियंत्रणाला, पोटेन्शिओमीटरवरून व्होल्टेज दिले, तर ऑसिलेटर अगदी स्थिर! मग विभाजक तपासला, तेव्हा तो भागाकारच बदलत असल्याचे दिसले. स्विचचा संपर्क उघडा असला की सीमॉस चिपची पिन अधांतरी लोंबकळते आणि घरच्या वायरिंगमधले ५० हर्ट्झ उचलते. प्रत्येक तारेपासून ग्राउंडला ४७ किलोओहम जोडले आणि हाताचा चमत्कार थांबला.

आता उरली आहे ती खरी डोकेदुखी. ५३ वरून ५४ वर जाताना स्विचचे तिन्ही संपर्क एकाच क्षणी बदलत नाहीत, त्यामुळे मध्येच कधी ५०, तर कधी ५७ विभाजकात शिरतात. संदर्भ १ किलोहर्ट्झचा असल्याने फिल्टर मंद ठेवावा लागतो आणि बिचारा लूप भलतीकडे धावून सावकाश परततो. ४०४६ मधल्या दोन कम्पॅरेटरांपैकी पहिला एक्सॉर गेटचा, दुसरा सिग्नलच्या कडांवर चालणारा; तेव्हा तू लगेच म्हणशील, ‘पहिला कम्पॅरेटर वापर, एक्सॉर गोंगाट सोसतो.’ होस्टेलच्या गच्चीवरचे ते भांडण मी अजून हरलेलो नाही! एक्सॉर हार्मोनिकवरही (पटीतल्या वारंवारतेवरही) लॉक होतो, आणि दुसरा कम्पॅरेटर एका आगंतुक कडेनेही बिथरतो, हे मान्य. पण येथे आकडाच चुकीचा असल्यावर दोघेही त्याच्यामागे इमानाने धावणार.

म्हणून स्विच आणि विभाजक यांच्यामध्ये दोन ४०४२ लॅच (आकडा धरून ठेवणाऱ्या चिप) घालून, आकडा स्थिर झाल्यावर बटण दाबून तो आत सोडावा, असे ठरवतो आहे. बटणाचा संपर्कही काही मिलिसेकंद उड्या मारणारच, पण चाके हलत नसतील तर तोच आकडा पुन्हा पुन्हा आत जाईल, म्हणून १०० किलोओहम, ०.१ मायक्रोफॅरड आणि ४०१०६ चा उड्या गाळणारा सरंजाम नको, असे माझे मत आहे.

नवीन नोकरी कशी आहे? चिनूचा दहावीचा निकाल ऐकून आनंद झाला. पेढे उधार राहिले. वहिनींना नमस्कार.

एवढे मात्र नक्की कळव: लॅच उघडतानाच ४५२२ ने आकडा उचलला, तर मोजणीची एखादी फेरी चुकीची जाईल. ती एक फेरी फिल्टर पचवील का? पचवणार नसेल, तर लॅचचे दार विभाजकाची मोजणी शून्यावर येण्याच्या क्षणाशीच बांधावे लागेल, आणि तेवढी जागा या बोर्डावर उरलेली नाही.

तुझा,
अविनाश