काम्पिओनेचे कॅसिनो आणि आपला जमाखर्च

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजीला मांडवी नदीत असलेल्या कॅसिनोंवर आपल्या वाचकपत्रांत चाललेला वाद मी नियमित वाचतो. एक गट म्हणतो, जुगारापायी घरे मोडतात. दुसरा म्हणतो, यावर कितीतरी पोरांचे पगार चालतात, उद्या बंद झाले तर त्यांनी कुठे जायचे? दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण नगरपालिकेत लेखापाल म्हणून नोकरी केलेल्या मला एक गोष्ट सतत खटकते. या पैशाचा जमाखर्च कोणी मांडतच नाही. तो का मांडायला हवा, हे मला सरोवराकाठच्या एका चिमुकल्या गावात फार स्पष्ट दिसले. त्या गावाची हकीकत आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र.

गावाचे नाव काम्पिओने दि'इतालिया. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. गाव इटलीचे, पण चारी बाजूंनी स्वित्झर्लंडने वेढलेले. समोर लुगानो सरोवर, पलीकडच्या काठावर सान साल्वातोरेचा डोंगर. माझी लेक आणि जावई नोकरीनिमित्त लुगानोला राहतात, त्यांच्याकडे गेलो असताना बोटीने तिकडे जाणे झाले. रस्त्यानेही जाता येते. बिस्सोने या स्विस गावाकडून आलात की एक कमान लागते आणि तिथून इटली सुरू होते. फाटक नाही, पहारेकरी नाही.

असे का, तर इ. स. ७७७ मध्ये तोतोने नावाच्या तिथल्या जमीनदाराने आपली मालमत्ता मिलानच्या संत अम्ब्रोजच्या मठाला दान केली. पुढे सोळाव्या शतकात आजूबाजूचा मुलूख स्विसांच्या ताब्यात गेला, तरी हे गाव मठाकडेच राहिले. एका दानपत्राने आजची आंतरराष्ट्रीय सीमा ठरवली. कोमुनिदादींची, म्हणजे गोव्यातल्या गावांच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांची, जुनी दप्तरे ज्याने उलटली आहेत, त्या गोंयकाराला याचे नवल वाटायचे नाही.

या गावाचा मूळ लौकिक जुगाराचा नव्हताच, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मध्ययुगात इथले पाथरवट आणि शिल्पी उत्तर इटलीभर नावाजलेले होते. मोदेनाच्या कॅथेड्रलवर त्यांचे हात लागले, मोंझाच्या कॅथेड्रलचा दर्शनी भाग मात्तेओ दा काम्पिओनेने घडवला, बेर्गामोची बाप्तिस्म्याची वास्तू १३४० साली जोव्हान्नी दा काम्पिओनेने उभारली. सरोवराच्या काठी मादोन्ना देई घिरली हे चर्च आहे, पायऱ्या थेट पाण्याकडे उतरतात. त्याच्या भिंतीवर १४०० सालचे अंतिम न्यायदिनाचे चित्र आहे. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा होतो. दगड फोडणाऱ्या माणसांच्या गावाने सहाशे वर्षे ते जपले आहे.

कॅसिनो आले १९१७ साली, पहिल्या महायुद्धात. परदेशी मुत्सद्दी खेळायला येतील आणि त्यांच्याकडून बातम्या काढता येतील, हा हेतू त्यामागे होता. दोन वर्षांत ते बंद झाले, १९३३ मध्ये पुन्हा उघडले, आणि मग गाव त्याच्यावरच जगू लागले. इटलीत कॅसिनोची शहरे मोजून चार : व्हेनिस, सानरेमो, सेंट-व्हिन्सेंट आणि काम्पिओने. त्यामुळे गिऱ्हाईक तुटून पडे. कॅसिनोचा पैसा नगरपालिकेकडे येई, आणि त्यातून शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची देखभाल, कर्मचाऱ्यांचे पगार असे सगळे भागे. लोकांवर स्थानिक कराचा भार जवळपास नव्हता. व्यवहार स्विस फ्रँकमध्ये, टेलिफोनचा क्रमांक स्विस, गाड्यांच्या पाट्या स्विस. सुखवस्तू गाव होते.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. स्वित्झर्लंडने आपल्या हद्दीत कॅसिनोंना परवानगी दिली आणि सरोवराच्या पलीकडे लुगानोतच एक उघडले. इटलीतल्या बारांमध्ये जुगाराची यंत्रे आली, मोबाइलवर पत्ते आले. नेमक्या याच काळात गावाने मोठ्ठी नवी इमारत बांधली. मारिओ बोत्ता हा त्याच भागातला, जगभर नाव असलेला वास्तुशिल्पकार. २००७ मध्ये त्याची ही वास्तू उघडली, युरोपातल्या सर्वांत मोठ्या कॅसिनोंपैकी एक. मी पाहिली. गावाच्या घरांवर ती अशी उभी आहे की दुसरे काही दिसू नये. दोन हजार वस्तीच्या नगरपालिकेने एवढा खर्च कोणत्या अंदाजावर केला असेल, हा प्रश्न माझ्यासारख्याच्या डोक्यात पहिला आला.

१५ जानेवारी २०१५ रोजी स्विस राष्ट्रीय बँकेने फ्रँक युरोच्या तुलनेत फार महाग होऊ नये म्हणून घातलेली मर्यादा काढली आणि फ्रँक एका दिवसात वधारला. खेळणारे युरो घेऊन येत आणि पगार फ्रँकमध्ये द्यावे लागत. वाचकहो, हा धक्का कोणत्याही अर्थसंकल्पाला सोसणारा नव्हता, त्यातून ज्याच्या उत्पन्नाच्या बाजूला एकच शीर्ष आहे त्याला तर नाहीच. कॅसिनोकडून नगरपालिकेला ठरलेली रक्कम येईना. २०१८च्या जूनमध्ये नगरपालिकेने आपण देणी भागवू शकत नाही असे जाहीर केले. २७ जुलै २०१८ रोजी कोमोच्या न्यायालयाने कॅसिनो दिवाळखोर ठरवले आणि त्याच दिवशी दारे बंद झाली. सुमारे पाचशे माणसांची नोकरी गेली. नगरपालिकेच्या १०२ कर्मचाऱ्यांपैकी ८६ जादा ठरले.

हा शेवटचा आकडा वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. ते कोणी जुगारी नव्हते हो. जन्ममृत्यूची नोंद करणारे, पाण्याची बिले काढणारे, बालवाडी सांभाळणारे, रस्ता झाडणारे लोक होते ते. आम्ही गेलो तो २०१९चा उन्हाळा. एका बाईंशी लेकीच्या मदतीने बोलणे झाले. त्या नगरपालिकेत होत्या. घरभाडे फ्रँकमध्ये, भाजी फ्रँकमध्ये, आणि नोकरी जाण्याआधीचे कित्येक महिने पगारच नाही. शेजारच्या स्विस संस्थांची बिलेही थकली होती, आणि त्या थकबाकीची त्यांना स्वतःच्या उसनवारीइतकी लाज वाटत होती. मी त्यांना सांगितले की मीही पगारपत्रके केली आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला.

हे सगळे मला परके वाटले नाही, कारण मी गोव्यातल्या खाणींच्या मुलखातल्या डिचोलीचा. त्याच २०१८ सालच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले लोहखनिजाचे ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी थांबल्या. त्याआधी २०१२च्या खाणबंदीचा तडाखा बसलाच होता. आमच्याकडे, सांखळीत, कुडचड्यात काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात उभे. मांडवीत खनिज वाहणाऱ्या बार्ज नांगरलेल्या. टायरवाला, गॅरेजवाला, खानावळवाली, चहाचा गाडा, सगळे एका धाग्यात ओवलेले निघाले. खाणीवर कधी पाऊल न ठेवलेल्या घरांतही चूल मंद झाली. खाण चांगली की वाईट हा वाद तेव्हाही जोरात होता, पण बँकेचा हप्ता वादाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

काम्पिओने आणि पणजी एकच नाही, हे मला मान्य आहे. तिथे कॅसिनो नगरपालिकेच्याच मालकीचे होते, इथे खासगी कंपन्या आहेत आणि परवाना शुल्क राज्य सरकारकडे जाते. गोव्याचे उत्पन्नही एका कॅसिनोपुरते नाही. पण काम्पिओनेला जे जमले नाही ते करून ठेवण्याची सवड आपल्याला अजून आहे. एवढेच नव्हे, त्याचा नमुनाही घरातच आहे. खाणींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सांगितले की विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या रकमेतले १० टक्के एका कायमस्वरूपी निधीत जावेत. खनिज संपणार आहे, पुढच्या पिढीसाठी काही उरले पाहिजे, हा त्यामागचा विचार. कॅसिनोचा पैसाही तसाच, आज आहे आणि उद्याचे कोणी सांगू शकत नाही. दर वाढला, कर वाढला, शेजारच्या राज्याने परवानगी दिली, न्यायालयाचा निकाल आला, यातल्या एका कारणानेही तो आटेल.

कॅसिनो नदीतून हलवावेत असे माझे स्वतःचे मत आहे, मी ते लपवत नाही. पण ज्यांना ते राहावेत असे वाटते, त्यांनीही माझ्या पुढच्या मागणीला विरोध करण्याचे कारण नाही. उलट ती त्यांच्याच मुलांच्या पगारासाठी आहे.

राज्य सरकारने दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर एक वेगळे पान छापावे. कॅसिनोंकडून शुल्क किती आले, कर किती आला, थकबाकी किती, आणि तो पैसा कोणत्या खर्चाला गेला. पणजी महापालिकेनेही आपल्या हिश्शाचे तसेच पान काढावे. त्यातून पगार आणि निवृत्तिवेतन भागवले जात असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण काम्पिओने तिथेच बुडाले. आणि या उत्पन्नातला दहावा भाग तरी अशा निधीत ठेवावा, ज्याला कोणतेही सरकार चालू खर्चासाठी हात लावू शकणार नाही. कॅसिनोत काम करणाऱ्या मुलांना दुसरे कौशल्य शिकता यावे, यासाठी त्याचे व्याज वापरता येईल.

काम्पिओनेचे कॅसिनो जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, पूर्वीच्या निम्म्याहून कमी माणसे घेऊन. मधल्या काळात, १ जानेवारी २०२० पासून, गाव युरोपीय संघाच्या जकात क्षेत्रात गेले आणि गाड्यांवर इटालियन पाट्या आल्या. साडेतीन वर्षे काम नसलेली तरुण मंडळी दरम्यान इतरत्र पांगली, ती सगळी परतलेली नाहीत, असे लेक सांगते. आमच्या तालुक्यातले किती ट्रकचालक आखातात गेले आणि तिथेच राहिले, याची मोजदाद कोणी केली असेल तर मला ती वाचायला आवडेल.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की माहिती अधिकारात हे आकडे मागवावेत. ते हाती आले तर तपासून, शीर्षवार लावून, सामान्य वाचकाला कळेल असा तक्ता करून द्यायला मी तयार आहे. मोबदला नको.

आपला,
एक निवृत्त नगरपालिका लेखापाल
डिचोली, गोवा