शेअरची शिफारस करायला किती घेतले, तेही सांगा

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, यांस

सादर नमस्कार.

मागे एकदा सकाळीच माझे मेव्हणे मोबाइल हातात घेऊन घरी आले. बाजार नुकताच, सव्वानऊला उघडला होता. त्यांनी विकायला लावलेला शेअर दिसत होता. विकणाऱ्यांची ही भली मोठी रांग आणि खरेदीच्या बाजूला शून्य. लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकलेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेअर घेतला होता एका व्हिडिओवरून. तो मी शेवटपर्यंत पाहिला. खाली बारीक अक्षरांत 'केवळ शैक्षणिक हेतूने' असे होते. (एवढ्या तीन शब्दांत हल्ली कुठलेही पाप धुतले जाते.) हे शिक्षण द्यायला पैसे कोणी मोजले आणि किती, हे मात्र कुठेच नव्हते.

साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरचे प्रकरण आपल्याला ठाऊक आहेच. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ झळकले: अदानी समूह ही कंपनी घेणार, एका अमेरिकन कंपनीशी ११०० कोटींचा करार झाला, भक्तिपट निघणार. सगळ्या थापा. त्या घरोघरी पोहोचाव्यात म्हणून जाहिरातींवर पैसा ओतला गेला. लहान भागधारक २,१६७ होते, ते ५५,३४३ झाले. या नव्या लोकांच्या गळ्यात माल मारणाऱ्यांत कंपनीचे काही प्रवर्तक, म्हणजे मूळ मालकही होते, असे बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच नोंदवले. अंतरिम आदेश निघाला २ मार्च २०२३ रोजी. अंतिम आदेशाला मे २०२५ उजाडला. त्यात ५८ कोटींहून अधिक रकमेच्या वसुलीचा हुकूम आहे.

सेबी हातावर हात ठेवून बसली आहे, असे मी म्हणणार नाही. नोंदणीकृत दलालांनी बिनपरवाना सल्लागारांशी संबंध ठेवू नयेत, हा नियम २०२४ मध्ये आला. शिकवण्याच्या नावाखाली गेल्या तीन महिन्यांचे भाव वापरायचे नाहीत, हे जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बजावले. नोंदणीकृत विश्लेषकाला आपले हितसंबंध उघड करावेच लागतात. पण ज्याची नोंदणीच नाही, त्याने अशी शिफारस केली तर खटला बहुतेकदा उभा राहतो तो २००३ च्या फसवणूकविरोधी नियमांवर. म्हणजे माहिती खोटी होती, संगनमत होते, पैसा या खात्यातून त्या खात्यात गेला, हे सगळे आधी जुळवा. तोवर भाव फुगवणारा ऑपरेटर दुसऱ्या शेअरकडे वळलेला असतो.

अमेरिकेच्या शेअर-रोख्यांबाबतच्या १९३३ च्या कायद्यातले कलम १७(ब) याहून कितीतरी साधे आहे. कंपनी, दलाल किंवा शेअरविक्रीची हमी घेणाऱ्याकडून मोबदला घेऊन शेअर-रोख्यांची भलामण करत असाल, तर तो मिळाला किंवा मिळणार आहे हे सांगा आणि रक्कमही सांगा. लपवलेत की गुन्हा. भलामण खोटी असल्याचे सिद्ध करायची गरजच नाही. २०२२ मध्ये टीव्ही-तारका किम कार्दशियन यात सापडल्या. एका क्रिप्टो टोकनच्या, म्हणजे आभासी चलनाच्या पोस्टसाठी त्यांनी अडीच लाख डॉलर घेतले होते. गंमत म्हणजे पोस्टखाली 'जाहिरात' अशी खूण होती. तेवढ्याने भागले नाही, कारण आकडा नव्हता. आरोप मान्य वा अमान्य न करता त्यांनी १२ लाख ६० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवले.

'जाहिरात' एवढे वाचून माणूस पुढे सरकतो. 'या व्हिडिओसाठी प्रवर्तकाकडून अमुक लाख घेतले' हे वाचले की त्याचा हात थांबतो. निदान माझ्या मेव्हण्यांचा थांबला असता.

सेबी कायद्यासह तीन कायदे एकत्र करणारे सिक्युरिटीज मार्केट्स कोड विधेयक आपण डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेत. त्यात हे एक कलम घाला. पैसे कोणी दिले, किती दिले, हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत सांगायला लावा. मोबदल्यात शेअर दिले, मधल्या एजन्सीमार्फत पैसे फिरवले किंवा कोर्सची फी म्हणून दाखवले, तरी ते त्यातच धरा. नाहीतर पळवाट पहिल्याच आठवड्यात सापडेल. आणि न सांगणे हाच गुन्हा ठरवा. फसवणुकीचा खटला मागून सावकाश चालू द्या.

मेव्हण्यांचे शेअर अजून डीमॅटमध्ये पडून आहेत. तो व्हिडिओ काढून टाकलाय. चॅनेल चालू आहे, काल नवा शेअर सांगितला.

आपला,
एक लहान गुंतवणूकदार