उजळणी वॉर्डात घ्या, परीक्षा हॉलमध्ये नको

मा. संपादक,
स. न.

नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबर परिचारिकांची लेखी परीक्षाही घ्यावी, असे सुचवणारा लेख कालच्या अंकात वाचला. कायदा, शस्त्रक्रिया, मधुमेह आणि बालरोग या विषयांची उजळणी हवी, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी पर्याय निवडण्याचा पेपर घ्यायचा, हे वाचून राहवले नाही. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले आहे.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या बहिणीचे पित्ताशयाचे ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात ठरले होते. तिला मधुमेहासाठी दिवसातून दोन वेळा ३०:७० मिश्र (लवकर आणि सावकाश काम करणारे एकत्र) इन्सुलिन लागते. रात्रीपासून ती उपाशी, खाटेला 'एनबीएम'ची, म्हणजे तोंडाने काहीही न देण्याची, पाटी. तरी सकाळी चार्टवरचा रोजचा पूर्ण डोस तिला टोचला गेला आणि ऑपरेशन दुपारवर गेले. मी पोहोचले तेव्हा आक्का घामाने निथळत होती, बोलण्यात संगती नव्हती. रक्तातली साखर पार उतरून ४४! शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर ती भानावर आली.

सिस्टर रडवेली झाली होती. "काकू, चार्टवर होतं म्हणून दिलं." मी तिला विचारले, उपाशी पेशंटला मिश्र इन्सुलिनचा पूर्ण डोस देतात का? "नाही. आधी शुगर बघायची, डॉक्टरांना विचारायचं." उत्तर बिनचूक होते. लेखात सुचवलेल्या परीक्षेत तिला या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले असते. पण ती रात्रपाळी करून सकाळपाळीलाही थांबली होती, कारण तिच्या जागी येणारी सिस्टर आलीच नव्हती, आणि अख्ख्या मजल्यावर ती एकटी होती. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही, याचा मला राग आला.

सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या परिचर्या शिक्षणाचे, तास परिचारिकांना आजही भरावे लागतात. मुली साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये बसतात, भाषणे ऐकतात, प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. त्यापेक्षा पाळी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी दहा मिनिटे काढा आणि दोन सिरिंज हातात द्या. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींत मिळते. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी १०० ची. १०० चे औषध लाल सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट इन्सुलिन शरीरात जाते. हे एकदा हाताने भरून पाहिले की जन्मभर लक्षात राहते. मुलांच्या वॉर्डात तर वजन केल्याशिवाय औषधाला हात लावू नये. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते आणि सिरपच्या पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०. नुसते "दोन एमएल द्या" असे लिहिलेले असेल तर सिस्टरने डॉक्टरांना थांबवून विचारलेच पाहिजे, आणि त्यांनी चिडता कामा नये.

कायद्याचा मुद्दा लेखकाने कलमांवर सोडून दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाल दिलेल्या एका खटल्यात टायफॉइडच्या उपचारासाठी दाखल झालेल्या मुलाला क्लोरॅम्फेनिकॉलऐवजी क्लोरोक्वीन शिरेतून दिले गेले होते. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. देणारी नर्स नोंदणीकृतही नव्हती. न्यायालयाने इंजेक्शन तिच्यावर सोपवणाऱ्या डॉक्टरलाही जबाबदार धरले आणि रुग्णालयालाही. प्रत्येक वॉर्डात हा निकाल मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तेव्हा डॉक्टर व व्यवस्थापनही समोर बसलेले असावे. संमतिपत्राचेही तेच. ऑपरेशनचे धोके समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे. थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवरच्या माणसाकडून कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायला सिस्टरला पाठवू नका.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात परिचारिका वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावताना दिसते. हे करू नका, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवतो. याच क्षणी सुई बोटात जाते, आणि मग एचआयव्ही व हिपॅटायटिस बी च्या तपासण्यांचे महिने त्या मुलीने काढायचे. वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची असते. हजारो विद्यार्थिनी तुमचा अंक वाचतात. तेव्हा ते छायाचित्र ऑनलाइन आवृत्तीतून आजच काढावे आणि उद्याच्या अंकात तशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मिरज